केळीचा खांब

त्या दिवशी कापसाच्या जिनाचा पट्टा तुटला नसता तर मला काहीच कळलं नसतं, आणि मी आजही स्वतःला नंदुरबारातला बऱ्यापैकी तिरंदाज समजत राहिलो असतो. दुपारी बाराच्या सुमाराला मोठ्या चाकावरचा पट्टा फाटकन तुटला, सरकी काढणारी यंत्रं एकामागून एक गप्प झाली, कापसाच्या गाड्या वजनकाट्यापुढे होत्या तशाच उभ्या राहिल्या आणि मॅनेजरने आम्हा काटेवाल्यांना घरी जायला सांगितलं. तीन वर्षांच्या नोकरीत मी दुपारी कधी घरी गेलो नव्हतो. उन्हात गल्ली परकी वाटत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. माझी बायको रमिला चुलीपाशी होती, मला बघून ती उठली, पदर सारखा केला, उगाचच एक भांडं इकडचं तिकडे ठेवलं आणि म्हणाली, “आज इतलं लवकर?” मी पट्टा तुटल्याचं सांगितलं. ती नुसतं “हा” म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता, पण चुलीपाशी बसलेल्या बाईच्या कपाळावर घाम असायचाच. मी हातपाय धुवायला परसात गेलो आणि मला खांब दिसला.

परसाच्या टोकाला, शेजारच्या बागेच्या बांधालगत मी केळीचा खांब रोवून ठेवत असे. घड उतरवला की ते खोड बागवाल्याला नकोच असतं, मागितलं की मिळतं. तीर त्यात सुखानं घुसतो, मोडत नाही, सुखानं उपसता येतो. आठ दिवसांत खोड लिबलिबीत झालं की दुसरं आणायचं. रोज फटफटायच्या वेळेला मी पंचवीस पावलांवरून वीस तीर मारत असे. रमिला ते उपसून आणून देत असे. हे सव्वा वर्ष चाललं होतं. तीर लागला की खोडात पांढरा ओला घाव पडतो, त्यातून पाणी झिरपतं. तासाभरानं कडा तांबूस होतात, दुपारपर्यंत तपकिरी, आणि संध्याकाळी मी कामावरून येईपर्यंत काळ्या पडलेल्या असतात. घाव बघून तो कधीचा हे मी बिनचूक सांगू शकत होतो, पण बघायचो ते फक्त माझे, वरचे. त्या दुपारी माझे सकाळचे घाव छातीच्या उंचीला होते, एक इथे तर एक तिथे, तपकिरी. आणि त्यांच्या खाली, कमरेच्या उंचीला, डाव्या अंगाला, पाच पांढरे घाव होते. मी त्यांच्यावर तळहात ठेवला. पाचही झाकले गेले, आणि पाणी माझ्या तळव्याला लागलं. कुणी मारले, हे खरं तर आधी मनात यायला हवं होतं. मला आधी वाटलं ते हे, की इतके एकाशेजारी एक कसे मारले?

कुणी मारले हे मागून आलं, आणि आलं ते झिपरूचं नाव घेऊनच. झिपरू आमच्या जिनाच्या फाटकावरचा राखणदार. मोलगीच्याही वरच्या एका पाड्यावरचा भिल्ल, वय पन्नाशीचं. दिवाळीत जिन सुरू झालं की तो डोंगर उतरायचा आणि होळीच्या तोंडाला परत चढायचा. आपल्या माणसांशी तो त्यांच्या बोलीत बोले, आमच्याशी बाजारात शिकलेल्या अहिराणीत. कापसाच्या ढिगावर एकदा साप चढला, बायका ओरडत पळाल्या, तेव्हा झिपरूनं फाटकापासूनच कामठी ओढली. धनुष्याला तो कामठी म्हणायचा. काठीही बांबूची आणि दोरीही बांबूच्या सालीचीच. साप जागच्या जागी खिळला. माणसं वाहवा करायला लागली, आणि झिपरू तीर उपसून, पुसून, पुन्हा आपल्या दगडावर जाऊन बसला. त्याच्या नेमाचा मला हेवा वाटला असं सगळ्यांना वाटलं असतं. मला हेवा वाटला तो त्या परत जाऊन बसण्याचा. मी असतो तर चार दिवस गावभर सांगत फिरलो असतो.

लोणखेड्याच्या मळ्यात माळ्यावर उभं राहून आम्ही दोघे भाऊ पाखरं हाकायचो, तेव्हा मी अकराचा आणि दगा चौदाचा. गोफणीचे दगड दोघांचेही सुटायचे. एक दिवस दगाचा दगड नेमका थव्यात गेला आणि खालून बाप म्हणाला, “दगाले हात शे.” एवढंच. तीन शब्द. मी त्याच्यापेक्षा दुप्पट दगड मारले होते, माझा खांदा सुजला होता, पण बाप पुढच्या वाफ्याकडे निघूनही गेला होता. पुढे मळा दगाकडे राहिला, मी सातवी पास होऊन जिनाच्या काट्यावर आलो, दगा आपला मला प्रेमानं वांगी न् भुईमूग पाठवत राहिला, आणि त्याच्या प्रत्येक पिशवीबरोबर माझ्या पोटात दुखत राहिलं. माझं लग्न झालं त्या वर्षी दगाच्या कसल्याशा बोलण्यावर रमिला तोंडाला पदर लावून हसली होती. काय बोलला ते मला आठवत नाही. हसणं आठवतं. मला कुणीतरी ‘हात शे’ म्हणावं, बस, आयुष्यात दुसरं काही नको, अशा हट्टानं मी झिपरूपुढे जाऊन बसलो होतो. त्यानं एकदाच दाखवलं. तीर पहिल्या दोन बोटांच्या मध्ये धरायचा, दोरी त्याच बोटांनी ओढायची. “आंगठानं आठे काम नई. आंगठाले घर ठेव,” तो म्हणाला. आणि मग म्हणाला, “मी देखाले येवाव नई. देखनारा ऱ्हायना का मानूस नाटक करस. तू रोज मार. ज्या दिन सांगासारखं व्हई, त्या दिन मी सांगसू. तोवर इचारू नको.” मी चार दिवस दोन बोटांनी ओढलं. बोटं सोलली. पाचव्या दिवसापासून मी अंगठा लावायला लागलो. बघायला कोण येणार होतं?

तर दुपारी झिपरू माझ्या घरी येतो. मी जिनात काट्यावर वजनं ओरडत असतो आणि तो माझ्या परसात उभा राहून माझ्या खांबावर, माझ्याच कामठीनं तीर मारतो, आणि रमिला बघत असते. इतकंच? मी जेवायला बसलो. तिनं भाकर वाढली, चवळीची भाजी वाढली. मी एकेक घास मोजून चावत होतो आणि घरात परक्या माणसाचा वास येतो का बघत होतो. विडीचा येत नव्हता. लसणाचा येत होता. “भाजी खारी शे का?” तिनं विचारलं. “नई.” “मंग तोंड असं काबर?” मी म्हटलं, ऊन लागलं. विचारायला काय झालं होतं? पण विचारल्यावर ती जे सांगेल ते ऐकायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भाकर घेऊन थेट फाटकावर गेलो आणि झिपरूशेजारी बसलो. झिपरू नागलीची भाकर आणि लाल मिरची खात होता. सुट्टी संपेपर्यंत तो दगडावरून हलला नाही. घंटा झाल्यावरही मी पोट दुखण्याचं निमित्त काढून तिथेच रेंगाळलो. शेवटी मीच म्हटलं, “दुपारमा कोठे जास नई का तू?” त्यानं फाटकाकडे बोट केलं. “आठे बठानं काम शे ना मन्हं.”

मला इतका हलका श्वास कित्येक दिवसांत आला नव्हता. संध्याकाळी मी जवळजवळ पळतच घरी आलो. परसात गेलो. खाली, डाव्या अंगाला, कालच्या पाच काळ्या घावांच्या शेजारी पाच नवे होते, कडा नुकत्या तपकिरी झालेल्या. दुपारचेच. झिपरू माझ्या डोळ्यांसमोर मिरची खात असतानाचे. मी परसातून घरात बघितलं. रमिला परातीत पीठ मळत होती. मी जेवायला बसलो, तिनं भाकर माझ्या ताटात ठेवली, आणि चुलीच्या उजेडात मला तिच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं दिसली. पहिल्या पेरावर घट्टे पडलेले होते, पिवळट, जुने. आठवड्याचे नव्हेत, महिन्यांचे. अंगठा स्वच्छ होता.

परका पुरुष असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. हे मी लपवणार नाही. परका पुरुष असता तर मी ओरडलो असतो, तिला म्हसावदला माहेरी धाडलं असतं, लोणखेड्याहून दगाला बोलावलं असतं, गल्ली गोळा झाली असती, आणि सगळ्यांनी माझी बाजू घेतली असती. आता कुणाला काय सांगू? माझी बायको माझ्यापेक्षा चांगले तीर मारते, हो, घरातलं सगळं आवरून? मला एकदम आठवलं, मागच्या पावसाळ्यात ती तीर उपसून आणताना म्हणाली होती, “आज तुम्हना तीर आखा उजवीकडे झुकेल शेतस.” मी तिच्यावर खेकसलो होतो, तुला काय कळतं म्हणून. सव्वा वर्ष रोज वीस तीर तिनं स्वतःच्या हातानं उपसले होते. कुठला किती खोल गेला, कुठला वाकडा घुसला, कुठला सोडताना हात हलला, हे तिच्या मनगटाला माझ्याआधी कळत होतं. माझ्या चुका मोजून ती शिकली होती. आणि पहिल्याच दिवशी झिपरूचं बोलणं मीच तिला जेवताना हसत हसत सांगितलं होतं, की म्हणे अंगठा घरी ठेव. तिनं ते ऐकलं आणि पाळलं. तिची बोटं सोलली असतील तेव्हा ती काय म्हणाली होती? तव्याचा चटका बसला. हो. म्हणाली होती. मी तव्याला नीट फडकं वापर म्हणून सांगितलं होतं.

मी काही बोललो नाही. तीही बोलत नव्हती. मला कळलंय हे तिला कळलं होतं की नाही, देव जाणे. पण रोज संध्याकाळी मी हातपाय धुण्याच्या निमित्तानं खांबापाशी जायचो, आणि तिचे दुपारचे पाच घाव तिथे असायचे, कधी पाच, कधी सहा, तळहाताखाली मावणारे. माझ्या जागेला ती धक्का लावत नसे. वरचा सगळा खांब मला सोडला होता तिनं. त्याचाच मला जास्त राग यायचा. काट्यावर उभा असताना मला तिची दुपार दिसायची. तिनं भांडी घासून पालथी घातलीत, पदर कमरेला खोचलाय, दार लोटलंय, आणि ती त्या पंचवीस पावलांवर उभी आहे. तिच्या चेहऱ्यावर काय असेल? तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यासाठी नव्हता. मी गाडीचं वजन चुकीचं ओरडलो. शेतकरी खवळला, मॅनेजर वसकला. मी वीसऐवजी चाळीस तीर मारायला लागलो. माझे घाव आणखी पांगले. मग मी एक नीच काम केलं. बाजाराच्या दिवशी सुकराम नावाच्या बांबूवाल्याकडून कामठीची दोरी दोन बोटं आखूड करून घेतली. कामठी इतकी ताठ झाली की मलाच ओढताना दात खावे लागले. सकाळी माझे चाळीसपैकी बारा तीर खांबाला लागलेच नाहीत. संध्याकाळी खाली डाव्या अंगाला तिचे चार घाव होते. चारच होते, पण तळहाताखाली होते, आणि नेहमीपेक्षा खोल. त्या संध्याकाळी तिनं भाकर डाव्या हातानं वाढली, उजवा पदराखाली होता. मी दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा सैल करून आणली. दयेनं नव्हे. तिला त्या ताठ कामठीचीही सवय झाली तर, या भीतीनं.

होळीला चार दिवस असताना फाटकातून आत जाताना झिपरूनं मला थांबवलं. “गिरधर, मी परवादिन चालनू. यंदा गयो का परत येवाव नई. मन्हा पोऱ्या म्हनस, आते घर बठ.” तो परत येणार नव्हता. म्हणजे कुणी सांगणारंही उरणार नव्हतं. “सकायले तुन्हा खांब ली ये,” तो म्हणाला. “मानूस देखाना नई, खांब देखाना. खांब खोटं बोलत नई.” त्या दिवशी मी येताना बागेतून नवंकोरं खोड आणलं आणि पहाटे त्याच्यावर वीस तीर मारले, एकेक तीर जीव लावून. उजाडल्यावर बघितलं. नवीन पांढऱ्या खोडावर माझं सव्वा वर्ष पसरलेलं होतं, इकडे एक, तिकडे एक, आणि तीन बाजूच्या मातीत. मी जुन्या खांबाकडे बघितलं. मी ठरवलं असं म्हणवत नाही, पण माझ्या हातांनी जुना खांब उपटला, आणि मी तो खांद्यावर घेतला. रमिला तुळशीला पाणी घालत होती. ती खांबाकडे बघत राहिली. “कोठे ली जाई ऱ्हायनात?” “झिपरूले दखाडाले.” तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दारापर्यंत मला तिची नजर पाठीवर जाणवत होती, आणि खांबाचं पाणी माझ्या सदऱ्यावर ठिबकत होतं.

झिपरूनं खांब मांडीवर घेतला. डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघितलं. एकेका घावात करंगळी घालून तो आत किती गेला, कुठल्या बाजूला कलला, हे बघत होता. मग तो म्हणाला, “आठे दोन जन शेतस.” त्यानं खांब माझ्याकडे फिरवला. “वरला घाव देख. हाऊ आंगठा वापरस. आनि तीर सुटाना आगोदर डोकं वर करस, लागना का नई ते देखाले. हाऊ कोन?” “मन्ही बायको,” मी म्हटलं. “नाद लागना तिले.” “आनि ह्या खालला?” “मन्हा.” शब्द इतका सहज बाहेर आला, जणू सव्वा वर्ष मी त्याचाच सराव करत होतो. झिपरूनं माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. माझा अंगठा मुठीत होता. मी तो कधी मिटला मला ठाऊक नाही. मग त्यानं तळहात खालच्या घावांवर ठेवला, मी त्या दुपारी ठेवला होता तसाच, आणि म्हणाला, “हाऊ हात शे. तीर सोडाना येळले हाऊ मानूस कोन्हाकडे देखत नई. कोन्ही देखी ऱ्हायनं का तेन्हीबी तेले फिकीर नई. मन्हा बापनंतर मी असा हात देखा नई.” अकराव्या वर्षापासून मी ज्याची वाट बघत होतो ते हे. मी आत चाचपून बघितलं, आनंद कुठे सापडतो का. झिपरूनं खांब खाली ठेवला, आणि तेच सगळं पुन्हा एकदा म्हणाला, पहिल्यापासून, सावकाश, एक शब्द इकडचा तिकडे न करता. “ध्यानमा ठेव,” तो म्हणाला. “जसं सांगं तसंच.” आणि जाऊन आपल्या दगडावर बसला.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा रमिला भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. “काय बोलना तो?” तिनं विचारलं. सकाळपासून हा प्रश्न तिनं तोंडात धरून ठेवला असणार. मी खुंटीला टोपी अडकवली. मला सांगायचंच होतं, मिरवायचंच होतं. एवढं चोरून आणलेलं घरात कुणाला तरी दाखवायला नको? मी छाती काढून, झिपरूच्या आवाजात, शब्दाला शब्द सांगितलं. “हाऊ हात शे, बोलना. खालला घावसवर हात ठी सन बोलना. तीर सोडाना येळले हाऊ मानूस कोन्हाकडे देखत नई. कोन्ही देखी ऱ्हायनं का तेन्हीबी तेले फिकीर नई. मन्हा बापनंतर मी असा हात देखा नई.” परातीवरचा थापण्याचा आवाज थांबला होता. तिचे दोन्ही हात पिठात होते आणि ती परातीकडे बघत होती. मग तिचा चेहरा वर आला. मी तो चेहरा कधी पाहिला नव्हता. काट्यावर उभा राहून मी ज्याची कल्पना करत होतो तो हाच. दगाच्या बोलण्यावर हसली होती तेव्हाही तो असा नव्हता.

“आखो एकदाव सांगा ना,” ती म्हणाली.

आवाजात टोमणा असता तर मी तो धरून भांडलो असतो. टोमणा नव्हता. मी पुन्हा सांगितलं. या वेळी माझी छाती पुढे येईना. प्रत्येक शब्द माझ्या तोंडातून निघून सरळ तिच्याकडे जात होता, आणि मला तो अडवता येत नव्हता. झिपरूनं दोनदा का सांगितलं ते मला तिथे, चुलीपाशी उभं असताना कळलं. त्यानं मला निरोप्या केलं होतं. आणि मी निरोप अगदी चोख, शब्दही न गाळता आणला होता. सव्वा वर्षात मी केलेलं तेवढंच एक काम बिनचूक झालं. वरच्या घावांबद्दल तिनं विचारलं नाही, ही तिची मेहेरबानी. तिनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मी पाटावर बसलो. पोटात जळत होतंच. ते विझलं असं मी म्हणणार नाही. तिनं भाकर ताटात ठेवली, उजव्या हातानं, आणि हात मागे घेतला नाही. तिसऱ्यांदा सांगायला तिनं सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, तिच्या त्या दोन बोटांकडे बघत.